न जळणारं छप्पर

आमच्या गल्लीत क्षय हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. 'मोठा खोकला' म्हणायचे, तेही आवाज खाली घेऊन. माझे सासरे मोठ्या खोकल्यानं गेले असं सगळ्या गल्लीनं धरलं, डॉक्टरांनीही थोडंफार तसंच धरलं, आणि आम्ही घरच्यांनी तर आमचं सगळं वागणं त्यावर बेतलं. त्या वागण्यापायी माझ्या सासऱ्यांना त्यांची एकुलती एक नात अंतरली आणि माझ्या लेकीला तिचे आजोबा. आता मी म्हातारी झाले. गल्लीत मला ओळखणारं कुणी उरलं नाही, तेव्हा भ्यायचं तरी कुणाला, म्हणून लिहिते.

मी लग्न होऊन नागपुरात आले ती स्वातंत्र्याच्या सुमाराला. घर इतवारीच्या मागच्या अंगाला, विणकरांच्या वस्तीत. सासूबाई आधीच गेलेल्या, नवरा मिलमध्ये पाळीवर, आणि घरात दिवसभर सासरे. त्यांना मी मामाजी म्हणायची. आमच्याकडे सासऱ्याला तसंच म्हणतात. मी सातवी पास होते, शिकवायचं ट्रेनिंग झालेलं होतं, आणि दोन गल्ल्या सोडून मुलींची प्राथमिक शाळा होती. सून नोकरीला जाणार म्हटल्यावर गल्लीनं तोंडात बोटं घातली. मामाजींनी एका वाक्यात निकाल लावला. "तिले येते तं शिकवू द्या. तुमच्या घरी पीठ मागाले येऊन राहिली का ते?" पुन्हा कुणी विषय काढला नाही.

त्यांचा स्वतःचा माग तेव्हा बंद पडत चालला होता. सूत मिळायचं नाही, मिळालं तर लुगड्याला गिऱ्हाईक मिळायचं नाही. ज्या मिलच्या कापडानं त्यांचा माग थांबवला त्याच मिलमध्ये मुलगा कामाला, त्यामुळे मनमोकळ्या शिव्या देण्याचीही पंचाईत. शेवटी मागावर एक जुनं लुगडं टाकून ठेवलं. पण भिंतीवरचा कुंचा त्यांनी हलवला नाही. ज्यांनी पाजणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. विणायच्या आधी ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, गल्लीभर लांब ताणायचा, त्याला खळ लावायची, आणि हातभर लांब, कडक मुळांच्या कुंच्यानं धागे विंचरून मोकळे करायचे, याला पाजणी म्हणतात. मामाजींचा कुंचा त्यांच्या वडिलांच्या हातचा होता. अधूनमधून ते तो खाली काढत, तेलाचा हात फिरवत आणि पुन्हा टांगत. "माग काय, आज ना उद्या चालंल. पन असा कुंचा गेला तं पुन्हा भेटत नाही," म्हणायचे. त्यांना खरोखरच तसं वाटायचं, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून आम्हालाही थोडा वेळ तसं वाटायचं.

शाळेत आमच्या मोठ्या बाई होत्या. त्या मुख्याध्यापिका, गावातल्या महाल भागातून चालत यायच्या. अंगानं काडी आणि आवाजानं नगारा. शाळेवर कवेलू, म्हणजे मातीची कौलं, होते. उन्हाळा संपता संपता माणसं लावून ते फेरून घ्यायचे, फुटके काढून नवे बसवायचे, आणि दुसऱ्या दिवशी वस्तीतली माकडं सगळा हिशेब उलटा करून जायची. बाई माकडांना मुलींसारख्याच ओरडायच्या. पहिलीच्या मुलींना मुख्य इमारतीत जागा नव्हती. त्यांच्यासाठी अंगणात बांबूच्या तट्ट्यांची, गवतानं शाकारलेली एक खोली होती. एका सुट्टीच्या दिवशी शेजारच्या हलवायाच्या भट्टीतली ठिणगी उडाली आणि ती खोली बघता बघता जळून गेली. आत कुणी नव्हतं, एक बाकसुद्धा नव्हता, कारण पहिलीच्या मुली जमिनीवर बसत. तरी मोठ्या बाई राखेसमोरून हलत नव्हत्या. "आज शाळा असती तर!" एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांनी एकच ध्यास घेतला, की माझ्या मुलींच्या डोक्यावर न जळणारं छप्पर हवं.

तेव्हा सिमेंटचे पत्रे नवे नवे निघाले होते. त्यात दगडाची एक जात मिसळलेली असते, ती ठेचली की कापसासारखे तंतू निघतात आणि तिला ॲस्बेस्टॉस म्हणतात, हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर आमच्या वस्तीला कौतुकच वाटलं असतं, की बघा, दगडाचंही सूत निघतं! पत्र्यांचा दलाल एक तुकडा घेऊन शाळेत आला. मोठ्या बाईंनी शेगडी पेटवून घेतली, सगळ्या मुलींना गोल उभं केलं आणि तो तुकडा निखाऱ्यात ठेवायला लावला. आम्ही बघत राहिलो. तो पेटला नाही, वितळला नाही, नुसता तापला. बाईंनी चिमट्यानं काढून तो सगळ्यांना दाखवला तेव्हा मुलींनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मोठ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या बाईला मुलींची किती काळजी होती हे मला आजही कुणी विचारावं, मी शपथेवर सांगेन.

पत्रे बसवायचं काम सुरू झालं आणि मामाजी बघायला म्हणून शाळेत आले. माग बंद, हात रिकामे, आणि घरी बसून माणूस किती वेळ बिडी ओढणार? सुतार पत्रे कापत होता, पण त्याची रेघ तिरकी जायची. मामाजींना ते बघवेना. त्यांनी करवत मागून घेतली. विणकराची नजर ती, काठ सरळ गेला नाही तर जेवण उतरत नाही. दिवस संपेपर्यंत सुतार बाजूला बसलेला आणि मामाजी कापताहेत असं झालं. दुसऱ्या दिवशी खिळ्यांसाठी भोकं पाडायचं कामही त्यांच्याकडेच आलं. पत्रे पहिलीच्या नव्या खोलीवर चढले, मग मुख्य इमारतीचे कवेलू उतरवून तिथेही चढले. मामाजी शाळेचेच झाले.

संध्याकाळी घरी यायचे ते नखशिखांत करडे होऊन. भुवया करड्या, मिशा करड्या. मी पाणी काढून द्यायची आणि म्हणायची, "मामाजी, तोंडाले फडकं बांधत जा ना." ते हसायचे. "सुताच्या धुळीनं जन्मभर खोकलो सूनबाई. ही धूळ तं मैद्यावानी हाय, घशाले लागतही नाही." आणि त्यांचं दुसरं एक शास्त्र होतं. सिमेंट म्हणजे चुन्याचा भाऊ. आमच्या वस्तीत कुणी मोठ्या खोकल्यानं गेलं की त्या खोलीला चुन्याचा जाड हात देतात; चुन्यानं रोग मरतो अशी समजूत. तेव्हा जी धूळ चुन्याची बहीण, ती छातीत गेली तर छाती साफच होईल, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलंही नव्हतं आणि खोडूनही काढता येत नव्हतं. मी सातवी पास होते, धुळीचं पुस्तक आम्हाला नव्हतं.

एक गोष्ट मोठ्या बाईंच्या ध्यानात आली नव्हती, ती म्हणजे नागपूरचं ऊन. कवेलूखाली माणूस तग धरतो, पत्र्याखाली भाजून निघतो. पहिल्याच उन्हाळ्यात, सकाळची शाळा असूनही, नऊ वाजता मुली भोवळ येऊन पडायला लागल्या. न जळणारं छप्पर आलं खरं, पण आता आम्हीच जळायला लागलो. मग कुणीतरी उपाय सांगितला की पत्र्यांना वरून चुना द्यावा, पांढऱ्यावर ऊन टिकत नाही. उपाय लागू पडला. पण पावसाळ्यात चुना वाहून जायचा, उरलेल्यावर काळं शेवाळ चढायचं. म्हणजे दर वर्षी होळी झाली की शिडी लावून वर चढायचं, शेवाळ आणि जुना चुना घासून काढायचा आणि नवा हात द्यायचा. हे काम मामाजींचं, हे न सांगताच ठरलं.

ते घासायला त्यांनी भिंतीवरचा कुंचा काढला. मी चकित झाले. ज्याला कधी मला हात लावू दिला नाही तो कुंचा शाळेच्या छपरावर! पण त्यांचं म्हणणं, की पत्र्याच्या लाटांत शिरेल असं दुसरं काही नाही, आणि कुंचा नुसता टांगून ठेवला तर मुळं ठिसूळ होतात, त्याला काम हवं. खरं सांगायचं तर काम त्यांना हवं होतं. गल्लीत ताणा ताणून, मागेपुढे चालत, लांब हात मारायची त्यांची जी लय होती तीच लय त्यांना वर छपरावर मिळाली. खालून मी बघायची. उतरत्या उन्हात तो सडसडीत माणूस एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कुंचा ओढत जायचा, पुन्हा यायचा, आणि त्याच्याभोवती करडी धूळ उठलेली असायची. ते बघून मला फार बरं वाटायचं.

मोठ्या बाईंनी मात्र हरकत घेतली. खाली वर्गात, पाट्यांवर, पाण्याच्या माठावर सगळी भुकटी उतरायची. "आधी पाणी मारा, मग घासा," त्या म्हणाल्या. मामाजी एरवी त्यांच्या शब्दाबाहेर नसत, पण इथे अडले. जुन्या चुन्यावर पाणी पडलं की चुन्याचं पाणी होतं, आणि चुन्याच्या पाण्यात कुंच्याची मुळं कुजतात. "बाई, चुना द्याले दुसरा कुंचा हाय. हा कोरडाच चालंल. उद्या माग लागला तं म्या पाजनी कशानं करू?" बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्या दिवसांत वर्गाला सुट्टी द्यायची एवढं ठरलं, आणि मामाजी दर वर्षी कोरडेच घासत राहिले.

बाईंचे छपरासाठी नियम होते, ते चांगले कडक होते. तडकलेल्या पत्र्याखाली मुलगी बसवायची नाही, डोक्यात पडेल. अंगणात चेंडू उंच फेकायचा नाही. जोराचा वारा सुटला की सगळ्यांनी बाहेर यायचं. मी ते नियम पाळून घेतले आणि अभिमानानं घेतले. आम्हाला भीती होती ती पत्रा पडण्याची. तो जागच्या जागी राहून काय करतो याची कल्पना कुणाला असणार!

मग मला मुलगी झाली. गल्लीतल्या बायकांनी "मुलगी?" असं म्हणून तोंड वाकडं केलं, मामाजींनी मात्र पेढे वाटले. त्या पोरीनं त्यांना वेडंच केलं. मी शाळेतून येईपर्यंत ती त्यांच्याकडे. धोतराच्या झोळीत घालून ते तिला गल्लीभर मिरवायचे, तिला 'माय' म्हणायचे. दोन वर्षांची होईपर्यंत पोरीचे पाय जमिनीला लागले असतील तर ते नसतानाच. चालायला उशिरा लागली म्हणून मी चिडायची. "चालंल वं, जन्मभर चालतच राह्यचं हाय तिले," ते म्हणायचे.

तेवढ्यात तो खोकला आला. विणकराच्या घरात खोकला नवा नसतो, म्हणून आधी कुणी मनावर घेतलं नाही. पण हा वेगळा होता. कोरडा, थुंकी नाही, रक्त नाही, ताप नाही, नुसता थांबायचं नाव न घेणारा. शिडी चढताना मध्ये थांबायला लागले. मग नुसतं घरातून अंगणात जाताना थांबायला लागले. बोटांची टोकं फुगली, नखं गोल झाली. एकदा माझ्या पोलक्याचा धागा निघाला तो जोडून द्यायला बसले आणि त्यांना गाठ मारता येईना. ज्या माणसानं जन्मभर तुटलेले धागे न बघता जोडले तो माणूस तो एक धागा घेऊन बसून राहिला. मी हातातून काढून घेतला आणि उगाच काहीतरी बोलत स्वयंपाकघरात गेले.

त्यांना दवाखान्यात नेलं. थुंकी तपासायला देणं हेच मोठं संकट, कारण थुंकी येतच नव्हती. कशीबशी दिली. काही निघालं नाही. पुन्हा दिली, पुन्हा काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, "तपासणीत दिसत नाही. पण लक्षणं तशी आहेत आणि घरात लहान मूल आहे. जपून राहिलेलं बरं." सुया टोचल्या, गोळ्या दिल्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तशातली गत. औषधानं खोकला कमी झाला नाही, फक्त जेवण गेलं.

त्या दिवशी दवाखान्यातून आलो तेव्हा पोर नेहमीसारखी धावत आली आणि त्यांच्या धोतराला बिलगली. मामाजींनी तिचे हात सोडवले. सावकाश, एक एक बोट. मग मला म्हणाले, "इले घेऊन जाय." त्याच दिवशी त्यांनी आपलं अंथरूण अंगणातल्या पडवीत नेलं, पूर्वी जिथे सूत ठेवत असू तिथे. ताट, तांब्या, पेला वेगळा केला. मी म्हटलं, "मामाजी, थुंकीत काही निंघालं नाही ना? मग काहून?" ते म्हणाले, "मशीनले काय समजते! आपल्या गल्लीत म्या कमी पाह्यले का? एका घरचे बाप, लेक, नातू, सारेच्या सारे गेले."

पण पोरीला कसं समजावणार? तिला पडवी म्हणजे काय आणि रोग म्हणजे काय! चार चार वेळा जायची. आणि खरं कारण तिला सांगण्यात अर्थ नव्हता, कारण ती ते गल्लीत बोलली असती. मग माझी शाळेतली नोकरी गेली असती, आणि पुढे तिच्या लग्नाच्या वेळी ते निघालं असतं. शेवटी उपाय मामाजींनीच काढला. "तिले सांग, आजोबा मारते," म्हणाले.

मी म्हटलं, "असं मी सांगनार नाही."

"मंग म्याच दाखवतो," ते म्हणाले.

त्यांनी कवेलू फेरताना वापरायची काठी आणून खाटेजवळ ठेवली. पोर पडवीच्या पायरीवर आली की ते काठी आपटायचे आणि ओरडायचे, "मांगं हो! मारीन!" पहिल्यांदा तिला गंमत वाटली. ती हसली आणि पुढे आली. तेव्हा त्यांनी काठी इतक्या जोरानं जमिनीवर मारली की ती घाबरून मागच्या मागे पडली आणि रडत माझ्याकडे आली. मी तिला उचललं. मामाजी भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि खोकत होते, आणि तो सगळा खोकला नव्हता हे मला कळत होतं. मला त्या माणसाचा राग आला, डॉक्टरचा आला, गल्लीचा आला. राग आला तरी करायचं काय? पोरीला जपायचं म्हणजे हेच, असं सगळेच म्हणत होते, आणि सर्वांत आधी तेच.

लेकरू लवकर शिकतं. काही महिन्यांत ती पडवीकडे जाईनाशी झाली. अंगणात खेळताना त्या बाजूला पाठ करून खेळायची. चेंडू तिकडे गेला तर मला हाक मारायची. मामाजी खाटेवरून तिच्याकडे बघत बसायचे. ती वळली की काठीवर हात ठेवायचे.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. मोठ्या बाहुल्या मिरवत गावाबाहेर नेतात, आणि गावाची पीडा त्यांच्याबरोबर जावी म्हणून लोक ओरडतात. एका वर्षी पोर अंगणात उभी राहून, मिरवणूक गल्लीच्या तोंडाशी आली तशी, इतर पोरांचं ऐकून ओरडायला लागली, "रोगराई घेऊन जाय वं मारबत! खोकला घेऊन जाय वं मारबत!" तिला बापडीला नुसती आरोळी ठाऊक. पडवीतून मामाजींच्या हसण्याचा आवाज आला. कित्येक दिवसांत हसले नव्हते. हसता हसता खोकल्याची उबळ आली आणि ती थांबेचना. पोरीला वाटलं आजोबा चिडले. ती आरोळी अर्धवट टाकून घरात पळाली आणि माझ्या पदराआड लपली. उबळ संपल्यावर मामाजींनी मला खुणेनं विचारलं, कुठे गेली? मी सांगितलं, आत आहे. त्यांनी मान हलवली.

पुढल्या वर्षी मी तिला शाळेत घातलं, आमच्याच शाळेत, पहिलीच्या खोलीत. मामाजींना तेव्हा बोलायलाही दम पुरत नव्हता. तरी त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, "पत्र्याखालीच बसते ना? नव्या खोलीत?" मी हो म्हटलं. "मंग झालं," म्हणाले, "तिथं आगीचं भेव नाही." त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. ती खोली त्यांनी स्वतःच्या हातानं उभी केली होती. छपरावर आता दुसरं कुणी चढत होतं, पण घासण्याची रीत मामाजींचीच चालू होती.

ते गेले ते उन्हाळ्यात. त्याच सुमाराला आमचा प्रांत पुन्हा एकदा बदलला. राजधानी आधीच गेली होती, आता नवं राज्य आलं. गावात लोक मिठाई वाटत होते आणि त्यावरून वादही घालत होते. शेवटच्या दिवशी मामाजींना श्वास पुरत नव्हता, बसवून धरलं तरी पुरत नव्हता. मी म्हटलं, "मामाजी, पोरीले आनू का? दारातून पाहाल." त्यांनी हो म्हटलं. मी तिला पायरीपर्यंत आणलं. ती माझा हात घट्ट धरून उभी राहिली, अर्धं अंग माझ्यामागे. मामाजींनी तिच्याकडे बघितलं. तिनं एक पाऊल पुढे टाकलं असेल नसेल, त्यांचा हात खाटेखाली गेला. काठी उचलायची ताकद नव्हती, पण हात गेला. पोर मागे सरकली. मी तिला आत नेलं, आणि परत आले तोवर पडवीत कुणाचाच श्वास नव्हता.

त्यांचं अंथरूण जाळलं. ताट, तांब्या, पेला नदीत टाकला. पडवीला चुन्याचा जाड हात दिला, तोही गल्लीतल्या लोकांनीच, नाकाला पदर लावून. आणि त्यावर कुणी बोललं नाही. मीही बोलले नाही. आधी पोर लहान म्हणून, मग तिचं लग्न व्हायचं म्हणून, आणि मग लग्न होऊन नरखेडला गेली तेव्हा जुनं कशाला काढायचं म्हणून. बोलायचं राहत गेलं.

मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती तेव्हा शाळेचं छप्पर उतरवायला काढलं. जुन्या बाई म्हणून मला बोलावलं होतं. बघते तर कामगारांच्या तोंडाला फडकी बांधलेली, पत्र्यांवर आधी पाण्याचा फवारा, मुलींना सुट्टी. देखरेखीला एक तरुण होता. मी त्याला विचारलं की एवढा थाट कशासाठी. त्यानं समजावून सांगितलं. यातले तंतू श्वासाबरोबर आत गेले की फुप्फुसात रुतून बसतात, फुप्फुस हळूहळू आक्रसतं, कित्येक वर्षांनी त्रास सुरू होतो. पत्रा धड असेल तर एवढं भय नाही, पण कापला, घासला, तेही कोरडा, तर फार वाईट. मी पायरीवर बसले.

नंतर मी छातीच्या डॉक्टरांकडे गेले, स्वतःला काही होत नसताना. मामाजींचं सगळं सांगितलं. कोरडा खोकला, ताप नाही, थुंकीत काही नाही, फुगलेली बोटं, सुताची धूळ, पत्र्याची धूळ. ते म्हणाले, "आता खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही. पण हे क्षयासारखं वाटत नाही. धुळीचंच असावं." मी एकच प्रश्न विचारला, की हा रोग दुसऱ्याला लागतो का. ते म्हणाले, "छे, बाई. हा लागत नाही."

त्या वर्षी दिवाळीला लेक माहेरी आली. तिचेही केस पिकलेले, तिलाही नातू झालेला. जेवणं झाल्यावर मी तिला सगळं सांगितलं. छपराचं, डॉक्टरांचं, पडवीचं, काठीचं. ती ऐकत होती. मध्येच म्हणाली, "म्हनजे ते मले मारनार नव्हते?"

"नाही वं माय."

"आई, मी माझ्या नातवाले सांगत असतो, की माझे आजोबा लय मारकुटे होते." मग तिनं विचारलं, "मले त्यायनं कधी घेतलं होतं का वं? एकदा तरी?"

मी तिला सांगितलं, की दोन वर्षांची होईपर्यंत त्यांनी तुला खाली ठेवलं नव्हतं; धोतराच्या झोळीत घालून गल्लीभर हिंडवलं, त्यामुळे तू चालायलाही उशिरा लागलीस.

ती बराच वेळ आठवायचा प्रयत्न करत होती, ते मला तिच्या तोंडावर दिसत होतं. मग म्हणाली, "मले त्यातलं काहीच आठवत नाही."